बारीतलं तिसरं घर

साळूआक्का माझी थोरली जाऊ. समोर आसली की मी तिला 'तुमी' म्हणते आन् पाठ फिरली की 'ती'. सगळ्या जावांचं आसंच आसतं, त्यात लाजायचं काय? तवा हितं बी मी 'ती'च म्हणणार. तिनं ऐकलं तर मला दोन शिव्या घालंल आन् मग च्या करून पाजंल. आदी तोंड चालतं, मग हात. तिची रीतच तशी.

अंगानं निस्ती काडी. पर आवाज आसा की डोंगरावर म्हशीला हाळी दिली तर खाली पानशेतला धरणाकाठी हाटेलात भजी खाणारी माणसं वर बघत्यात. मी त्याच हाटेलात एक दिसाआड भाकऱ्या थापाया जाते, म्हणून सांगते. पुण्याची एक बाई मला इचारत व्हती, ह्यो कुठला पक्षी ओरडतोय. म्या म्हणलं, आमची जाऊ हाय.

आमच्याकडं पाऊस म्हणाल तर आसा की दारं फुगून लागत न्हाईत. पर डोंगर पाणी धरून ठेवत न्हाई. ते सरळ धरणात जातं आन् धरणातनं पुण्याला. चैत लागला की खडक तव्यावाणी तापतो, गवताची कुसळं टाचंत शिरत्यात आन् बाया हंडं घेऊन झऱ्यापाशी बसत्यात. धरण उशाला आन् कोरड घशाला, ही म्हण कुणी काढली ठावं न्हाई, पर तो आमच्याच वाडीचा पावणा आसणार.

आमच्या वाडीत गुरं राखाया पगारी गुराखी कवाच नव्हता. बारी आसायची. सकाळी सगळ्यांनी आपापली जनावरं वेशीपाशी सावरीच्या झाडाखाली सोडायची, आन् एकेका घरानं एकेक दिस समदा कळप डोंगरावर न्यायचा. घरात एक शेरडू आसो नायतर आठ म्हशी, घराला बारी एकच. ज्याची बारी त्यानं दुपारी गुरांना पाणी पाजायचं आन् सांजला जनावर ज्याचं त्याला परत द्यायचं. दिसभर कळप त्याच्या हातात. मालक जरी आला तरी मधनंच आपलं जनावर काढून न्हेता येत न्हाई, सांजपतोर थांबायचं. बारी चुकवली तर मारुतीला नारळ आन् वरनं सगळ्या वाडीची बोलणी. नारळ परवडायचा, बोलणी न्हाई.

मी लगीन हून आले तवा बारी दीड-दोन म्हैन्यानं यायची. आमी वाट बघायचो तिची. सासूपासनं एक दिस सुटका, करवंदं खायाची, झाडाखाली पाय पसरून बसायचं. मग पोरं पुण्याला गेली, गोठं रिकामं झालं. उतरणीला जिथं आमी नाचणी-वरई करायचो तितं जेसीबी फिरला. आता तितं तारंची कुंपणं हायत, दगडी फाटकं, आन् रातीला आपोआप पेटणारं दिवं. आमचा पुतण्या कुमार त्यानं बी त्याचा तुकडा इकला आन् खाली शिवऱ्याला हायवेच्या कडंला च्या-वड्याचं दुकान टाकलं. बरं चाललंय त्याचं. मी त्याला नावं ठिवत न्हाई. थोडी ठिवते.

ऱ्हाता ऱ्हाता जनावरवाली दोनच घरं ऱ्हायली. एक साळूआक्काचं, एक माझं. तिच्या तीन म्हशी, माझी एक गाय आन् एक पाडी. एक दिस तिची बारी, एक दिस माझी. बारी नसंल त्या दिशी मी हाटेलात.

आन् हितंच सगळं आडलं.

आक्काचा ल्योक हनुमंत धायरीला ऱ्हातो, सोताचा टेम्पो चालवतो. तितं त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, त्याला बरीच वर्सं झाली. वास्तुशांतीला आक्का सकाळच्या यष्टीनं गेली आन् सांजच्या यष्टीनं परत आली. त्या घरात ती एक रात निजली न्हाई. कशी निजणार? एक दिसाआड बारी. मी कितीदा म्हणलं, "आक्का, जावा तुमी, मी राखते दोन दिस." तर म्हणायची, "आन् तुझ्या भाकरीच्या कामाचं? ज्याची बारी त्यानंच करावी. दुसऱ्याच्या बारीवर मी झोपा काढू व्हय?" भाऊजी गेलं तवा तेराव्याच्या दुसऱ्या दिशी बारी आली, तर पांढऱ्या कपाळानं काठी घेऊन निघाली. तिच्याशी कोण वाद घालणार?

हनुमंताला ते लागायचं. तो बोलायचा न्हाई, पर लागायचं. त्याची लेक वैष्णवी पाच वर्सांची. ती मोबाईलवर आजीला इचारायची, "आजी, तू फोनमधीच ऱ्हातीस का?" आक्का हसायची. फोन ठिवल्यावर मातूर उगाच गोठा झाडत बसायची, झाडल्याला गोठा.

ह्या वर्सी चैतात मोठी आडचण आली. डोंगराच्या मधी म्हसपाणी म्हणून एक जागा हाय. खडकातनं बारीक झरा येतो, खाली डबकं. उन्हाळाभर गुरं दुपारी तितंच पाणी पीत आली. ती जागा कुमारनं इकल्याल्या तुकड्यात गेली. पहिली दोन वर्सं कुणी फिरकलं न्हाई. गेल्या वर्सी पुण्याचं एक रिटायर झाल्यालं जोडपं हितं ऱ्हायाला आलं. बंगला बांधला, चारी बाजूनं तार मारली आन् म्हसपाण्याच्या जागंवर निळ्या फरशीचा पोहायचा हौद केला.

मग पाणी पाजायचं कुठं? खाली धरणावर. पर चैतात धरणाचं पाणी मागं जातं आन् मधी गाळ ऱ्हातो, वरनं वाळल्याला, आतनं लोण्यावाणी. आक्काची एक रेडी त्यात पोटापतोर रुतली. चार गडी लागलं वडाया. आक्का त्या गाळात गुडघ्यापतोर उभी ऱ्हाऊन रेडीचं तोंड वर धरून व्हती. रेडी वर आली ती लंगडतच.

हनुमंत आला आन् म्हणाला, "आये, आता बास. आकितीच्या सणाला टेम्पो घिऊन येतो. कुमार म्हशी घेतो म्हणतोय, दुकानाला दूध पायजेच त्याला. आन् तू धायरीला चल."

आक्का रेडीचा पाय चोळत ऱ्हायली. मग म्हणली, "बरं."

तिच्या तोंडातनं 'बरं' म्या लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं. ती गेली तर बारी कुणासंगं करू, आन् भांडू कुणाशी?

आठेक दिस गेलं. आक्काचीच बारी व्हती आन् मला हाटेलाला सुट्टी, म्हणून मी संगं गेले. दुपार झाली, ऊन मी म्हणत व्हतं. तिची थोरली म्हस काजळी, कळपात म्होरं चालणारी. तिला धरणाकडं वळवलं तर ती वळंना. शेपटी उडवली आन् निघाली सरळ म्हसपाण्याकडं. तारंचा एक खांब जरा कलला व्हता, तिनं शिंगानं त्याचा निकाल लावला. आमी धापा टाकत पोचलो तवर काजळी निळ्या हौदात गळ्यापतोर बसली व्हती. डोळं मिटून. निळं पाणी हळूहळू च्यासारखं हुयाला लागलं व्हतं.

हौदाच्या काठावर बंगल्याचं साहेब उभं. हातात पेपर. "अहो हे काय? अहो हिला काढा!" आसं त्यांचं चाललं व्हतं. त्यांच्या बायकोचं नाव माधुरीताई. त्या निस्त्या म्हशीकडं बघत व्हत्या.

मी मेल्याहून मेल्यावाणी झाले. म्हणलं, आता आक्का माफी मागंल. तर आक्का म्हणली, "ती तिच्या जागंवर बसलीया. तुमी तिच्या जागंवर फरशी लावली त्याला ती काय करणार?" आन् काजळीला आशी हाळी दिली की साहेबांचा पेपर खाली पडला. काजळी उठली, अंग झाडलं, साहेब भिजलं.

तेवढ्यात आक्काचं ध्यान गोठ्याकडं गेलं. बंगल्याच्या मागं पत्र्याच्या सावलीत एक गाय बांधल्याली. लांब कानाची, तांबडी, लई देखणी. पर कातडीला तेज न्हाई, म्होरचा चारा तसाच पडल्याला.

"ही कुणाची?"

"आमची. गौरी," माधुरीताई म्हणाल्या. "हौसेनं आणली. पण खात नाही नीट. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही."

"चराया कोण न्हेतं?"

"कोणी नाही. इथंच असते."

"जलमठेप दिली व्हय तिला?" आक्का म्हणली. मग मान हलवून, जसं काय सगळं ठरल्यालंच हाय आशी, "जनावर हाय म्हंजी बारी हाय. उद्या ह्या रतनची. परवा माझी. ऐतवारी तुमची. सकाळी सावरीखाली या." आन् म्हशी घेऊन निघाली बी.

मला वाटलं हिचा डाव हाय. वाटंनं म्हणलं, "आक्का, लई बेरकी की ओ तुमी." तर ती माझ्याकडं आशी बघाया लागली, जशी मीच येडी. "बेरकी काय त्यात? गाय हाय न्हवं तिच्याकडं? मग बारी नगो करायला?" तिच्या डोक्यात दुसरं कायच नव्हतं. जनावर हाय म्हंजी घर बारीत आलं, मग ते घर पुण्याचं आसो नायतर लंडनचं. इचारायचं आसतं, हे तिला ठावंच न्हाई.

आन् गंमत बघा. माधुरीताईंना वाटलं ह्यो ग्रामपंचायतीचा नियम हाय. सांजला त्या माझ्याकडं आल्या. "बारी चुकली तर काय होतं हो?" म्या खरं ते सांगितलं. "मारुतीला नारळ, आन् आक्काची बोलणी." त्यांनी दुपारची हाळी ऐकल्याली. म्हणाल्या, "येते मी."

ऐतवारी आल्या. डोक्याला टोपी, पायात बूट, पाठीवर पिशवी, हातात डोंगर चढायची ती लोखंडी काठी. गौरीला दाव्यानं धरून आणल्याली. आक्का म्हणली, "दावं सोडा. कळपात दावं न्हाई." सोडलं तर गौरी जागची हालंना. तिला ठावंच नव्हतं की चालता येतं. मग काजळी आली, तिला हुंगलं, आन् पुढं चालाया लागली. गौरी तिच्या मागं. माधुरीताई गौरीच्या मागं. त्यांच्या मागं आक्का, नवीन माणसाला पहिली बारी दावायची म्हणून. आन् मी हाटेलाला दांडी मारून, कारण ही जत्रा कोण सोडंल?

बाईनं मातूर मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. पाय घसरला, कोपर सोललं, पर कुरकुर न्हाई. आक्का दावत व्हती, वाऱ्याकडं तोंड करून गुरं चरवायची, कड्याच्या बाजूला आपण चालायचं. करवंदाच्या जाळीत हात घालून दोघींची तोंडं काळी झाली. आक्काला चुलीवरच्या कामात कुणी हाताखाली चालत न्हाई, पर हितं ती त्या बाईचा हात धरून उतरत व्हती. मला जरा हेवाच वाटला, खरं सांगते.

दुपार झाली आन् कळप आपोआप म्हसपाण्याकडं वळला. फाटकाशी जाऊन उभा. फाटकाला आतनं कुलूप.

आक्का दगडावर बसली. "बारीवाल्यानं पाणी पाजायचं आसतं," म्हणली. आन् पदरानं वारं घ्याया लागली.

माधुरीताईंनी सोताच्या फाटकाकडं बघितलं. मग मोबाईल काढला. "अहो, फाटक उघडा." पलीकडनं साहेब काय म्हणालं आमाला ऐकू आलं न्हाई. ह्या म्हणाल्या, "हो, म्हशीसुद्धा." मग जरा थांबून, "आज माझी बारी आहे."

साहेब आलं, कुलूप काढलं. हौदाच्या म्होरं दोन्ही हात पसरून उभं ऱ्हायलं, जणू कबड्डीच खेळत्यात. फाटकाशेजारी शोभेला एक दगडाची लांबडी डोण ठिवल्याली, त्यात माती घालून फुलं लावल्याली. ती आमच्याच म्हसपाण्यावरची गुरांची डोण व्हती. माधुरीताईंनी फुलं मुळासकट काढून बाजूला ठिवली, माती उपसली. साहेबांनी नळाचा पाईप आणून सोडला. काजळीनं पहिलं तोंड घातलं. तिच्या शेजारी गौरीनं. दोघी एका दमात पीत व्हत्या आन् माधुरीताईंच्या डोळ्याला पाणी. त्या म्हणाल्या धूळ गेली.

त्या दिसापासनं दुपारी फाटक उघडं. बारी कुणाची का आसंना.

पर आक्कानं लेकाला शब्द दिल्याला. मी म्हणलं, "आता पाणी हाय, हनुमंताला सांगा की नगो म्हणून." तर म्हणली, "शब्द दिलाय. आन् पाण्याचं काय घिऊन बसलीस? पोरगं कवापासनं बोलवतंय. त्याला बी आई हाय का न्हाई?" म्हशींच्या अंगावरनं हात फिरवायची ते येगळंच व्हतं त्या दिसांत. एकेकीच्या कपाळाला कपाळ लावायची. मला बघवत नव्हतं. मी हाटेलात भाकरी करपवली.

आकितीला हनुमंत टेम्पो घेऊन आला. मागं पेंढा पसरल्याला. आक्कानं सकाळीच पुरणाचं केलं व्हतं. त्याला जेवाया वाढलं आन् म्हणली, "म्हशी डोंगरावर हायत. तूच जाऊन आण. माझ्यानं सोडवायचं न्हाई."

तो गेला. आमी दोघी वसरीवर बसून ऱ्हायलो. बऱ्याच वेळानं हनुमंत परत आला. एकटा. कपाळावर घाम, तोंडावर राग आन् रागाखाली हसू.

"काय झालं?" म्या इचारलं.

"काकी, ती बंगलेवाली बाई म्हशी देत न्हाई. म्हणती, आज माझी बारी आहे, मधनंच जनावर काढता येत नाही, संध्याकाळी सावरीखाली या. म्या म्हणलं, आवं, म्हशी माझ्या आयच्या हायत. तर म्हणती, असू देत. नियम आईंनीच सांगितलाय." तो वसरीवर टेकला. "लोखंडी काठी घिऊन उभी हाय काजळीच्या म्होरं."

आक्काला हसाया आलं. आसं हसली की पदर तोंडात घालावा लागला, आन् हसता हसताच रडाया लागली. हनुमंत भ्याला. उठून तिच्याजवळ बसला.

"आये, मला काय म्हशींचं वैर हाय का गं?" तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे तुझ्या म्हशी. पर तू माझ्या घरात एक रात निजली न्हाईस. वैष्णवी सगळ्यांना सांगती की माझी आजी खोटी हाय. शेजारी इचारत्यात, आई येत न्हाईत का? काय सांगू? म्हशी इकल्याशिवाय तू येणार न्हाईस म्हणून इकायला निघालो मी. दुसरं काय बी न्हाई."

आक्कानं त्याच्या पाठीवर हात ठिवला आन् तसाच ठिवून बसली.

सांज झाली. सावरीखाली कळप आला. म्होरं काजळी, तिला चिकटून गौरी, शेवटी माधुरीताई. पाय लाल मातीनं भरल्यालं. त्यांनी एकेक जनावर दाखवून आक्काच्या ताब्यात दिलं, माझी मला दिली. मग हनुमंताकडं बघून म्हणाल्या, "आता न्या. आता तुमच्या आहेत." मग आक्काला म्हणाल्या, "उद्या तुमची ना बारी? मी गौरीला घेऊन येते."

"उद्या रतनची," आक्का म्हणली. "माझी परवा..."

आन् तितंच थांबली. माझ्याकडं बघितलं, माधुरीताईंकडं बघितलं. हाताची बोटं मोजाया लागली. "काल मी केली. आज हिनं. उद्या रतन." परत पहिल्यापासनं मोजलं. जलमभर बारी मोजणारी बाई, पर तीन घरांचा हिशेब तिनं लई वर्सांत केला नव्हता.

"हनुमंता," ती म्हणली, "टेम्पोतला पेंढा काढ. म्हशींना लागंल."

"आन् मग?"

"आन् मग काय? म्होरल्या शिटावर मला जागा कर. आजची रात येते, उद्याची रात ऱ्हाते. परवा पहिल्या यष्टीत बसवून दे. परवा माझी बारी हाय."

हनुमंत येकदम पेंढा उपसाया लागला, आसा, की त्यातला निम्मा सावरीला अडकला. आक्कानं पिशवीत एक लुगडं कोंबलं, पुरणपोळ्या बांधल्या, काजळीच्या कानात काय तरी सांगितलं. मला म्हणली, "सांजची धार काढ. आन् रेडीचा पाय बघ. आन् गोठ्याचं दार नीट लाव, तुला सवय न्हाई." मी म्हणलं, "जावा आता." टेम्पो वळणावर गेला तरी तिच्या सूचना ऐकू येत व्हत्या.

तिसऱ्या दिशी सकाळी मी पानशेतच्या फाट्यावर उभी व्हते. पहिली यष्टी आली आन् आक्का उतरली. हातात सुनंनं दिल्याला डबा, कपाळाला पोरीच्या हातची वाकडी टिकली.

"कसं वाटलं?" म्या इचारलं.

"बरं हाय. नळाला पाणी हाय, पर दारावर थाप मारली की लोकं आदी भोकातनं बघत्यात." चालता चालता म्हणली, "वैष्णवी माझ्या पोटावर पाय टाकून निजली गं. दोन्ही रात्री. मी हाललेच न्हाई." आन् डोळं पुसलं, लपवलं बी न्हाई.

वाडीचा चढ लागला. ती जरा दम खायाला थांबली, काठीवर हनुवटी टेकवून पलीकडच्या उतरणीकडं बघाया लागली. तितं दुसऱ्या कुणाचा तरी नवा बंगला झालाय.

"रतन," ती म्हणली, "त्या तांबड्या कौलाच्या बंगल्यात दोन शेरडं आणल्यात म्हणं. खरं का?"

"व्हय, आणल्यात. का?"

"पोरीला सांगून आलेय, पुढच्या खेपेला तीन राती ऱ्हाईन," आक्का म्हणली, आन् वाडीची वाट सोडून त्या बंगल्याच्या फाटकाकडं वळली.